नवथळची वेस

१

मेघना रोज सकाळी इंदापूरहून बारामतीला एसटीनं जायची. ठरलेली गाडी, ठरलेली खिडकी. निमगाव केतकी गेलं की डोळा लागायचा आणि अंथुर्ण्याला आपोआप उघडायचा, कारण तिथं रस्त्यावरून आजोबांच्या घरामागचा लिंब दिसायचा. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घर चुलत्यांकडं होतं, पण तो लिंब दिसला की तिला आपला दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा. मग लासुर्णे, दोन्ही बाजूंना ऊस, आणि बारामती.

अठ्ठ्याण्णव साल होतं ते. भिगवण रस्त्याला एका औषधाच्या दुकानावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता आणि मेघना तिथं शिकवायची. दुसरा शिकवणारा इंद्रजित. तो बारामतीजवळच्या बागायतदाराच्या घरातला. स्वभावानं मोकळा, कुणाचं वाईट न चिंतणारा. तिसरी सोनम, कॉलेजात शिकता शिकता क्लासचं किरकोळ काम बघणारी मुलगी. तारेनं एकमेकांना जोडलेले चार कॉम्प्युटर होते. त्यांतला चौथा बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असायचा.

दुपारी दोन वर्गांच्या मधल्या रिकाम्या वेळात तिघं खेळायची. खेळ इंद्रजितनं पुण्याच्या एका मित्राकडून फ्लॉपीवर आणला होता. त्यात चित्रं नव्हती, काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडचं लिहायचं. लिहिलेली ओळ सगळ्यांच्या पडद्यावर जायची, सुरुवातीला लिहिणाराचं नाव लागून. कुठं जायचं ते टाइप केलं की त्या जागेचं वर्णन समोर यायचं. वर्णन अर्थात आपणच आधी भरून ठेवलेलं. आणि ज्या खोलीत तुम्ही आहात तिथं दुसरं कुणी आलं, की मशीनमधून बारीक आवाज व्हायचा. टिक्. मराठीच लिहायची सगळी, पण इंग्रजी अक्षरांत.

पहिलं जग इंद्रजितनं उभं केलं. जुन्या काळची गढी, सरदार, शिपाई, दिवाणखाना. इंद्रजित सरदार झाला, सोनम सरदाराची सून. मेघनानं वैद्य व्हायचं ठरवलं. सरदाराचा मुलगा तापानं फणफणला होता, म्हणून वैद्य औषधाची पेटी घेऊन गढीच्या दारात आली. दारावरचा शिपाई इंद्रजितच चालवत होता. पडद्यावर ओळ उमटली: ‘कुणाची गं तू? आत येऊ नको. औषध उंबऱ्यावर ठेव.’

मेघनाची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

“हे काय आहे?” तिनं खुर्ची वळवून विचारलं.

“काय झालं?” इंद्रजित हसतच म्हणाला. “अगं, त्या काळात तसंच असायचं. शिपाई विचारणारच.”

“त्या काळात कॉम्प्युटर होते? तू सरदार होतास त्या काळात? मग शिपायालाच तेवढी खऱ्याची हौस का?”

“मी तुझ्याबद्दल नाही बोललो. पात्राबद्दल बोललो. तयार जगाचं हेच तर बरं असतं मेघना, काही समजावून सांगावं लागत नाही. कोण कुठं बसतो, कोण कसं बोलतो, सगळ्यांना आधीच ठाऊक.”

“तेच म्हणते मी. तुमच्या तयार जगात माझी जागासुद्धा तयारच असते.”

सोनम हळूच म्हणाली, “मॅडम, मला मात्र तयारच बरं वाटतं. नवीन जगात काय बोलावं ते सुचत नाही. सून कशी बोलते ते मला माहिताय.”

“म्हणूनच नवीन पाहिजे,” मेघना म्हणाली आणि मशीन बंद करून उठली. परतीच्या एसटीत तिला बसायला जागा मिळाली होती, तरी ती दांडीला धरून उभीच राहिली. राग आला की तिला बसवत नसे.

२

मग तिनं स्वतःचं गाव लिहायला घेतलं. नाव ठेवलं नवथळ. असं गाव कुठं नाही हे तिनं आबांना, म्हणजे वडिलांना, विचारून घेतलं होतं. साहेबराव कालव्याच्या ऑफिसात कारकून होते. तालुक्यातली सगळी गावं, वस्त्या, पाण्याच्या चाऱ्या त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, “नवथळ? न्हाय बा. आपल्याकडं तरी न्हाय.”

गाव लिहिताना तिला फार मजा आली. मधोमध विहीर, चारी बाजूंनी पायऱ्या. भोवती घरं, सगळ्यांची दारं विहिरीकडं. वरची आळी नाही, खालची आळी नाही, गढी नाही, वेस नाही. गावात यायला कुठूनही यावं. माणसं तिनं मुद्दाम लिहिलीच नाहीत. ती खेळणाऱ्यांनी आणायची होती. लिहून झाल्यावर तिनं गावाला पासवर्ड लावला, म्हणजे तिच्याशिवाय कुणाला त्यात फिरवाफिरव करता येऊ नये.

इंद्रजितनं कुरकुर केली, पण खेळला. त्यानं कुंभार घेतला आणि पहिल्याच दिवशी विचारलं, “आता या गावात मोठं कोण?” कुणीच मोठं नाही म्हटल्यावर तो गोंधळला. सोनम शिक्षिका झाली, अडखळत बोलू लागली, पण दोन-तीन दिवसांत तिला रंग चढला. तिनं विहिरीच्या पायरीवर शाळा भरवली. मेघनाला मनातून फार बरं वाटलं. वैद्य आता कुणाच्याही घरात सरळ आत जात होती.

मग एका दुपारी तिनं नेहमीसारखं गावात जायचं टाइप केलं आणि वर्णन आलं: ‘नवथळ. समोर गावची वेस आहे. वेशीतून आत गेल्यावर विहीर लागते.’

तिनं ते दोनदा वाचलं.

“इंद्रजित, वेस कुणी घातली?”

“कसली वेस?” तो आपल्या मशीनपुढून म्हणाला. मग त्यानंही वाचलं. “अरे, छान आहे की. वेस पाहिजेच गावाला.”

“पाहिजे की नको ते विचारलं नाही. कुणी घातली?”

“मला काय माहीत? पासवर्ड तुझ्याकडं आहे.”

तिनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. इंद्रजितला खोटं बोलता येत नव्हतं. खोटं बोलताना तो कान खाजवायचा. आता त्याचे हात टेबलावर होते. मेघनानं त्या दोन ओळी पुसल्या, पासवर्ड बदलला आणि नवा कुणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी वेस परत होती. आणि विहिरीच्या वर्णनात एक वाक्य वाढलं होतं: ‘पलीकडच्या पायऱ्या ज्यांच्या त्यांनीच तिथून उतरावे, इतरांनी नाही.’

तिची कानशिलं तापली. भीतीचा अजून पत्ता नव्हता. होता तो निव्वळ संताप. मी आपलं एक गाव केलं, एवढंसं, हवेतलं, कुणाच्या जमिनीला न लागणारं, आणि तिथंसुद्धा कुणाला तरी पायऱ्या वाटून द्यायच्या आहेत. फ्लॉपीत काही जुनं राहिलं असेल, आधीच्या गढीतलं काही यात मिसळत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. मशीनची भानगड. मशीनला काय कळतं? पण गढीच्या वर्णनात पायऱ्या नव्हत्या, हेही तिला आठवत होतं.

३

त्या आठवड्यात तिघं नवथळच्या विहिरीवर होती. सोनमची शाळा चालली होती. बाहेर कडक ऊन, खाली रस्त्यावर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाचे घुंगरू वाजत होते. मशीनमधून आवाज झाला.

टिक्.

विहिरीवर कुणीतरी आलं होतं. मेघनानं मान वर केली. इंद्रजित त्याच्या खुर्चीत, सोनम तिच्या खुर्चीत. चौथ्या कॉम्प्युटरवर झाकण. त्याची पिन भिंतीतून काढून ठेवलेली.

पडद्यावर ओळ आली. ओळीच्या सुरुवातीला नाव नव्हतं. जिथं नाव यायचं तेवढी जागा रिकामी होती.

‘कुणाचा रं तू?’

इंद्रजित हसला. “हे मात्र तू घातलंस हां, मेघना. मला चिडवायला.”

“मी नाही.”

“राहू दे,” म्हणत त्यानं टाइप केलंसुद्धा. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. सवयीनं, कुणी हटकलं की माणूस देतो तसं. पात्राचं नाव घालायचं त्याला सुचलंच नाही.

खाली उत्तर आलं: ‘बरं. ये.’

मग: ‘कुणाची गं तू?’ हे सोनमला होतं, कारण पायरीवर तीच बसली होती. सोनमनं मेघनाकडं बघितलं, पण तोवर तिची बोटं चालू झाली होती. तिनंही सगळं सांगितलं. ‘बरं. ये.’

मेघनाला वाटलं की गुऱ्हाळाचे घुंगरू थांबले आहेत. ते थांबले नव्हते. तिला ऐकू येईनासे झाले होते. तिच्या पडद्यावर, तिच्या ओळीखाली, सावकाश एकेक अक्षर उमटत गेलं. खेळात ओळ नेहमी एकदम यायची. ही कुणीतरी बसून एका बोटानं टाइप करावी तशी आली.

‘आणि तू? कुणाची गं तू?’

हा प्रश्न तिनं लहानपणापासून ऐकला होता. विहिरीवर, शाळेच्या पहिल्या दिवशी, मैत्रिणीच्या घरी पाणी मागितल्यावर, नोकरीच्या मुलाखतीत जरा वळसा घालून. साहेबरावांनी तिला एकच शिकवलं होतं. त्यांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, “मी साहेबराव. कालव्याच्या हापिसातला.” समोरचा पुढं रेटू लागला तरी त्यापुढं एक शब्द नाही.

तिनं टाइप केलं: ‘तुम्ही कोण? हे गाव माझं आहे.’

उत्तर आलं नाही. मशीनमधून नुसता आवाज येत राहिला. टिक्. टिक्. टिक्. कुणी जात नव्हतं, बाकीचे येत होते. मेघनानं खाली वाकून भिंतीतली पिन उपटली.

“अगं! असं मशीन बंद करतात का?” इंद्रजित ओरडला.

“तुम्ही दोघांनी खरी नावं का दिली?”

“विचारलं म्हणून दिली. त्यात काय?”

त्यात काय, हे तिला सांगता येईना. आणि सांगता येत नाही याचाच जास्त राग आला.

४

तिनं फ्लॉपी मोडून टाकली, मशीनमधून खेळ काढून टाकला. इंद्रजित चिडेल म्हणून भांडायची तयारी करून ती आली होती. तो चिडला नाही. दुपारी डबा खाताना म्हणाला, “उद्या मी येणार नाही. नवथळला जायचंय. आत्याकडं जागरण-गोंधळ आहे.”

मेघनाचा घास हातात राहिला. “कुठं?”

“नवथळला. धाकटी आत्या दिलीय ना तिथं.”

“इंद्रजित, नवथळ मी लिहिलंय.”

“हो, माहिताय की,” तो सहज म्हणाला. “खेळात खरं गाव घेतलंस तेव्हाच मी म्हणणार होतो. सारखं नवीन नवीन करत होतीस आणि घेतलंस शेवटी तयारच.”

“ते तयार नव्हतं! मी केलंय ते! नाव, विहीर, सगळं!”

तिचा आवाज एवढा चढला की औषधाच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन बघून गेला. इंद्रजित कान खाजवत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती. सोनमनं पाण्याचा ग्लास पुढं केला. “मॅडम, जुनं गाव आहे ते. आमची पण सोयरीक आहे तिथं. वेस तर केवढी मोठी आहे.”

“तू गेली आहेस तिथं?”

“लहानपणापासून जाते.” सोनम थांबली. तिच्या कपाळावर एक आठी आली, काहीतरी शोधत असल्यासारखी, आणि लगेच गेली. “उन्हाळ्याच्या सुट्टीत.”

दोघं मिळून माझी टर उडवतात, असं मेघनानं ठरवलं. तसं ठरवणं सोपं होतं. पण त्या आठीनं तिची पाठ सोडली नाही.

५

दोन दिवसांनी, दुपारच्या एसटीनं घरी परतताना अंथुर्णे मागं गेलं आणि कंडक्टर म्हणाला, “नवथळ फाटा कोण हाय?”

एक म्हातारा आणि एक बाई उठली. मेघनाही उठली. तिनं काही ठरवलं नव्हतं. पाय तिचे होते आणि राग तिचा होता. रोजचा रस्ता होता तो. त्या रस्त्यावरचं प्रत्येक वळण तिला झोपेत माहीत होतं, आणि इथं फाटा नव्हता. आता पिवळा दगड होता, त्यावर काळ्या अक्षरांत नाव, अक्षरांचा रंग उन्हानं उडालेला. चहाची टपरी होती, तिच्या पत्र्याला गंज चढलेला.

म्हातारा आणि बाई पुढं निघून गेली. दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस, मधून कच्ची वाट. ती चालत राहिली. हे कसं होऊ शकतं, याची ती मनाशी मांडणी करत होती. असेल, जुनं गाव असेल. मीच कधीतरी लहानपणी नाव ऐकलं असेल आणि विसरले असेन. आबांच्या लक्षात नसेल आलं. माणसाचं डोकं असं करतं. आपण नवीन म्हणून करावं आणि ते जुनंच निघावं. ही मांडणी पुरेशी होती. तिच्यात एकही भोक नव्हतं.

ऊस संपला आणि वेस दिसली.

काळ्या दगडांची, उंच. फटींतून पिंपळाची रोपं आलेली, कमानीखाली बैलगाड्यांच्या चाकांनी दगड झिजून खोलगट झालेला. शंभर वर्षांची झीज. मेघना लांबच उभी राहिली. वेशीतून आतली विहीर दिसत होती, भोवतीची घरंही, आणि त्यांची दारं तिनं लिहिली होती तशी, सगळी विहिरीकडं. तेवढं तसंच ठेवलं होतं. आवाज मात्र कसलाच येत नव्हता. कोंबडं नाही, गिरणी नाही, पोर नाही. आणि तरी सगळ्या दारांत माणसं उभी आहेत असं तिला वाटलं. अंधाऱ्या चौकटींत, थोडीशी आत.

मागून पावलं आली. डोक्यावर उसाच्या वाढ्याचा भारा घेतलेली एक बाई. भाऱ्याखाली तोंड झाकलं गेलं होतं.

“आत जा की,” बाई म्हणाली. “हितं का हुबी?”

“गाव बघायला आले होते.”

“बघ की मग.” बाई तिच्या शेजारून पुढं गेली, वेशीजवळ थांबली. भारा वळला नाही. “कुणाची गं तू?”

साधा आवाज. कुठल्याही गावात, कुठल्याही बाईचा. मेघनाच्या तोंडात उत्तर तयार झालं होतं. वडिलांचं नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. ते बाहेर पडायला जोर करत होतं, शिंकेसारखं. तिनं ओठ दाबून धरले, इतके की दात लागले.

“सांग ना. त्याबिगर जागा कशी दावायची तुला?”

मेघना वळली आणि चालू लागली. पळायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. माझ्याच गावातून मी पळायचं?

६

घरी आली तेव्हा साहेबराव ऑफिसातून लवकर आले होते. पलंगावर बसून चहा पीत होते. केसरबाई, मेघनाची आई, शेंगा फोडत खाली बसली होती. इंदापुरात सरकारी नोकरांच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर ते. भिंतीवर दोन तसबिरी, बाकी सगळं रोजचं.

“आबा,” मेघनानं दारातूनच विचारलं, “तुम्ही मला काय सांगितलं होतं? नवथळ नावाचं गाव आहे का आपल्याकडं?”

साहेबराव हसले. “म्हंजे काय? आपलंच गाव की ते.”

केसरबाईच्या हातातली शेंग थांबली.

“आपलं गाव अंथुर्णं, आबा.”

“अंथुर्ण्यात आपलं कोण हाय?”

“आजोबांचं घर आहे. काका राहतात. मागं लिंब आहे. तुम्ही त्या लिंबावरून पडून हात मोडून घेतला होता!”

साहेबरावांनी आपल्या डाव्या हाताकडं बघितलं. कोपरापाशी हात किंचित वाकडा होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, जणू दुसऱ्याचाच हात बघत होते. “नवथळला पडलो हुतो,” ते म्हणाले. “वेशीवरनं.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला पायजे?” मग ते आठवून म्हणाले, “परवा आला हुता एक जण हापिसात. गावाकडचा. चांगला माणूस. म्हनला, कुणाचे तुमी?”

“आणि तुम्ही सांगितलंत?”

साहेबरावांनी मान खाली घातली. जन्मभर ज्यांनी त्या प्रश्नाला एकच ताठ उत्तर दिलं होतं, ते तिचे आबा ओशाळं हसले. “कदी ना कदी सांगावंच लागतं गं पोरी. किती दिस न्हाय सांगायचं? सांगितल्यावर बरं वाटलं. कसं हलकं हलकं वाटलं.”

मेघनाला आजवर एवढा राग कधी आला नव्हता. इंद्रजितचा राग, मशीनचा राग, सगळे त्यापुढं पोरखेळ होते. माझं गाव घेतलंत, घ्या. एक हिरव्या अक्षरांचं गाव, त्यानं कुणाचं पोट भरत नव्हतं. पण या माणसाचा ताठपणा? तो त्यांनी स्वतः कमावला होता. तो कुठल्याही तयार जगातून आलेला नव्हता.

“आई,” ती म्हणाली, “तुला विचारलंय का कुणी?”

“न्हाय,” केसरबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. शेंगांची टरफलं पदरातून खाली सांडत होती. “मला कोन इचारंल? पर ह्यांचं गाव अंथुर्णं. मी नवरी म्हनून त्याच घरात आले. तसं कसं म्हंत्यात हे?”

आणि दारावर थाप पडली.

७

ऊन अजून होतं. वसाहतीच्या नळावर बायकांचा गलबला चालला होता, कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव लागले होते. साधी थाप होती. पण ती खालच्या बाजूला पडली होती, कमरेच्या उंचीवर.

“आला वाटतं,” साहेबराव उठले. “गावचा मानूस हाय. कडी काढ.”

मेघना दाराला पाठ लावून उभी राहिली.

“बाजूला हो पोरी. दारात आलेल्याला असं करत्यात का?”

“नाही होणार.”

थाप परत पडली, तिच्या पाठीच्या मणक्यापाशी. मधे फक्त फळी होती. फळीपलीकडून, अगदी शांत आवाजात: “कुणाचं घर हे?”

साहेबरावांनी तोंड उघडलं. केसरबाईनं पुढं होऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या त्या बाईनं नवऱ्याला असा हात कधी लावला नव्हता. “गप ऱ्हावा,” ती म्हणाली. “तुमाला माझी आन हाय.”

दाराशेजारी खिडकी होती, गजांची. मेघना सरकून तिथं गेली आणि गजाला गाल लावून तिरकं बघितलं. पायरीवर एक माणूस उभा होता. पांढरे कपडे, डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं. तो पाठमोरा होता. दाराकडं पाठ करून, हात मागं नेऊन, उलट्या मुठीनं तो दार वाजवत होता. म्हणून थाप खाली पडत होती.

मेघनाला पहिल्यांदा भीती वाटली, आणि त्या भीतीच्या आत, तिच्याहून मोठा, तोच जुना संताप होता. विचारायचं आहे, घरात शिरायचं आहे, नावगाव सगळं काढून घ्यायचं आहे, पण तोंड बघायचं नाही. आमच्या दारात येऊन आमच्याकडं पाठ.

“ए!” ती ओरडली. नळावरचा गलबला थांबला. “तोंड इकडं करा! तोंड इकडं करा आणि मग विचारा!”

हात थांबला. तो माणूस वळू लागला. फार सावकाश, त्याला वळायची सवय नसावी तसा. एक खांदा आला, मग दंड, मग कानाची जागा. मेघनानं गज घट्ट धरले आणि डोळे मिटले नाहीत. आई मागून येऊन तिला चिकटून उभी राहिली होती.

तो पुरता वळला. तो वळला हे दोघींनी बघितलं. आणि वळून झाल्यावर त्यांच्यासमोर होती ती पाठच होती.

केसरबाईनं हात पुढं करून खिडकीचं दार ओढलं आणि बोल्ट लावला. खोलीत अंधारलं. साहेबराव पलंगाच्या कडेला बसले होते, हात मांडीवर, परक्या घरात पाहुणा बसतो तसे. बाहेर पायरीवरून कुणी उतरल्याचा आवाज आला नाही. रेडिओवर कांद्याचा भाव सांगून झाला, मग ज्वारीचा.

“गेला?” केसरबाईनं कुजबुजत विचारलं.

साहेबराव कान देऊन ऐकत होते. त्यांनाच आधी कळलं. “शेजारी गेला वाटतं,” ते मऊपणानं म्हणाले. “शकुबाईकडं.”

भिंतीपलीकडं थाप पडली. खाली, कमरेच्या उंचीवर. शेजारच्या शकुबाई एकट्या राहायच्या, कुणी आलं की त्यांना आनंद व्हायचा. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, मग त्यांच्या सपाता फरशीवर घसटत गेल्या.

“कोन हाय? आले, आले. थांबा.”

मेघनानं आईचा हात सोडवला. केसरबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं, आणि स्वतःच दाराची कडी काढून दिली. मेघना चप्पल न घालता उन्हात बाहेर पडली, त्या पांढऱ्या पाठीच्या दिशेनं, नळावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत:

“शकुबाई, सांगू नका! काही सांगू नका! आधी त्यालाच विचारा, तो कुणाचा!”